पलीकडे न गेलेले

त्या संध्याकाळी तसं घडलं काहीच नाही. घाट उतरून गाडी सपाटीला लागली आणि मागचं चाक बसलं. सोबतचे दोघे जॅक, पाना, स्टेपनी या उद्योगाला लागले. त्यात माझा उपयोग शून्य, म्हणून थोडं मागे जाऊन एका मोरीच्या कठड्यावर टेकलो. दिवस मावळला होता, पण अंधार पुरता पडला नव्हता. रस्त्याच्या पलीकडच्या झुडपांतून एक भेकर बाहेर आलं. इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं. कपाळावर दोन काळ्या रेघा, ओलं नाक, क्षणभरही स्थिर न राहणारे कान. साइडपट्टीच्या खडीवर येऊन त्याने पुढचा एक खूर डांबराच्या कडेवर टेकवला आणि थांबलं. ट्रक आला. वाऱ्याचा झोत, धूळ, खडीचे चार दाणे उडाले. भेकर झुडपात मागे सरलं. ट्रक गेल्यावर पुन्हा आलं, पुन्हा खूर टेकवला, पुन्हा उचलला. मग कार, मग टँकर, मग मोटारसायकली. मधल्या वेळात रस्ता इतका मोकळा असायचा की ते दोनदा जाऊन आलं असतं. पण दर वेळी ते मान वळवून कान लावायचं, आणि लांबून येणाऱ्या गाडीची घरघर त्याला माझ्या कितीतरी आधी ऐकू यायची. शेवटी वळलं. शेपटी वर झाली, खालचा पांढरा भाग दिसला न दिसला, आणि गेलं.

"काय बघत होतास एवढं?"

"भेकर होतं."

"गेलं पलीकडे?"

"नाही. परत फिरलं."

"मग बरं झालं."

चाक बदलून झालं होतं, आम्ही निघालो. पण ते 'बरं झालं' मला अजून सलतंय. म्हणणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. बरं झालं म्हणजे मेलं नाही. रस्ता आणि जंगली जनावरं हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते मेलेलं जनावरच. ते दिसतं, त्याचा फोटो निघतो, वाघ-बिबट्या असेल तर बातमी होते. 'बाजीराव' हा बोर व्याघ्र प्रकल्पातला देखणा वाघ २०१७च्या डिसेंबरात नागपूर-अमरावती महामार्गावर गाडीच्या धडकेने गेला, तेव्हा जंगलाशी काही देणंघेणं नसलेली माणसंही हळहळली होती. लहान जिवांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. रात्री हवा गार पडते, डांबर मात्र दिवसभराची ऊब धरून असतं, म्हणून साप त्यावर येऊन पसरतात. ट्रकमधून सांडलेल्या दाण्यांसाठी उंदीर येतात, उंदरांसाठी घुबड खाली झेपावतं, आणि हेडलाइटच्या झोतात त्याला उठायला उशीर होतो. पहिल्या पावसाच्या रात्री तर बेडकांचं विचारूच नका. सकाळी रस्त्यावर जे चिकटलेलं असतं ते बेडूक होतं हे जवळ वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. एकदा एक उदमांजर बघितलं होतं. अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नाही, फक्त नाकाशी रक्ताचा एक थेंब. झोपल्यासारखं पडलं होतं असं लिहायचा मोह होतो, पण झोपलेलं जनावर इतकं सरळ पडत नाही.

या मेलेल्यांचीही खरी मोजदाद होत नाही. रस्त्यावरची मढी मोजणारे अभ्यासक उजाडायच्या आत बाहेर पडतात, कारण कावळे त्यांच्याही आधी कामाला लागलेले असतात. घारी, कुत्री, कोल्हे, मुंगसं यांनी सकाळपर्यंत बरंचसं आवरून टाकलेलं असतं. धक्का खाऊन कडेच्या गवतात शिरलेलं आणि तिथे दोन दिवसांनी मेलेलं जनावर तर कुणाच्याच वहीत येत नाही. म्हणजे जो काही आकडा हाती लागतो तो कमीच. हे सगळं मी आधीही वाचलं होतं, ऐकलं होतं.

मला छळत होतं ते वेगळंच.

जनावराने धोक्यापुढे काय करायचं हे त्याच्या जातीने फार पूर्वी ठरवून टाकलेलं असतं. खवल्या मांजर अंगाचं वेटोळं करून बसतं, वाघालासुद्धा ते सहजी उलगडता येत नाही. साळिंदर पाठ फिरवून काटे फुलवतं. बेडूक जागच्या जागी थिजतो. ससा वेडावाकडा पळतो, आणि उजेडाच्या पट्ट्यातून बाहेर न पडता गाडीच्या पुढे पुढे पळत राहतो. या प्रत्येकाने अगदी बरोबर तेच केलेलं असतं, पिढ्यान् पिढ्या जीव वाचवत आलेलं. समोरून येणाऱ्याला आपल्याला खायचंच नाहीये, ही शक्यता त्यांच्या हिशेबात नसते. भेकराने मात्र यातलं काही केलं नाही. ते गाडीला शत्रू समजलं की नाही कुणास ठाऊक, पण त्याने ती ऐकली, अंदाज घेतला आणि बेत रद्द केला. शहाणं निघालं. मेलं नाही, म्हणून कुठल्या यादीत आलं नाही. पण ज्या कामासाठी निघालं होतं ते काम राहिलं. पलीकडे पाणी असेल, कोवळा पाला असेल, जोडीदार असेल. आजची वेळ टळली म्हणावं, तर उद्या तरी रस्ता थांबणार आहे का?

युरोपातल्या रस्तेबांधणीच्या मार्गदर्शिकेत यासाठी एक ढोबळ हिशेब दिलेला असतो. दिवसाला हजारापेक्षा कमी गाड्या असतील तर बहुतेक जंगली जनावरं रस्ता ओलांडतात. त्याच्या वर बुजऱ्या जाती टाळायला लागतात. चार हजारांच्या पुढे आवाज आणि हालचालच पुष्कळांना परत फिरवते, आणि धाडस करणाऱ्यांपैकी बरेच मरतात. दहा हजारांच्या वर गेलं की बहुतेक जातींसाठी ती भिंतच. आता यातली गंमत बघा. गंमत म्हणवत नाही खरं तर. रस्ता मध्यम वाहता असतो तेव्हा मढी सर्वांत जास्त दिसतात. तो रुंद होतो, चौपदरी होतो, मधे काँक्रीटचा सलग दुभाजक येतो, गाड्या वाढतात, आणि मढी कमी होतात. कागदावर सुधारणा दिसते. 'या पट्ट्यात वन्यप्राण्यांचे अपघात घटले' असं प्रामाणिकपणे लिहिताही येतं. प्रत्यक्षात तिथे यायचंच जनावरांनी सोडलेलं असतं.

तो दुभाजक एकदा खाली उतरून बघा. कमरेएवढी गुळगुळीत भिंत, मैलोन् मैल, तळाशी पाणी जायला ठेवलेली जेमतेम वीतभर भोकं. मुंगसाला, सशाला, कासवाला अर्धा रस्ता पार केल्यावर ती समोर दिसते. तिथून पुढे जाता येत नाही आणि मागच्या दोन लेन पुन्हा पार करायच्या असतात. माणसांची समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून ती बांधलेली आहे आणि ते काम ती चोख करते. मी रात्री त्याच रस्त्याने येतो, तेव्हा ती भिंत आहे याचं मला हायसंच वाटतं. काय करणार?

अमेरिकेत आयडाहो राज्यात २०१२ साली एक प्रयोग झाला. तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातली 'रस्ता' या गोष्टीची व्याख्याच हलली. बॉयसी स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी डोंगरावरच्या रानात, जिथे रस्ता नाही अशा जागी, साधारण अर्धा किलोमीटर ओळीने लाउडस्पीकर लावले आणि त्यांतून वाहत्या रस्त्याचा आवाज सोडला. चार दिवस चालू, चार दिवस बंद, असं आलटून पालटून. स्थलांतराच्या प्रवासात पक्षी तिथे उतरून पोट भरून घेतात, पुढच्या टप्प्यासाठी चरबी साठवतात. झाड तोडलेलं नाही, डांबर नाही, धूर नाही, उजेड नाही, कुणी मरण्याचा प्रश्नच नाही. तरी आवाज चालू असलेल्या दिवसांत पक्ष्यांची संख्या पाव हिश्शाहून जास्त घटली. काही जातींनी तर ती जागा जवळजवळ सोडलीच. पुढचा भाग मला जास्त लागला. जे पक्षी आवाज सहन करून राहिले, त्यांच्यापैकी काहींच्या अंगी पुरेशी चरबी धरली नाही. कारण साधं आहे. ससाणा येतोय का हे ऐकू येत नाही म्हटल्यावर सारखी मान वर करून बघावं लागतं, आणि मान वर असेपर्यंत चोच खाली जात नाही. पोट भरायला तेवढं पुरेसं अन्न समोर असूनही ते अर्धपोटी उडाले.

लहानपणी मी जिथे झोपायचो त्या खिडकीतून रात्री रातव्याचा आवाज यायचा. टक्, टक्, टक्, टक्, कुणी लाकडावर बोटाच्या पेराने वाजवावं तसा, आणि मधेच थांबायचा. आधीचा रस्ता मातीचा होता. रातवे त्या मातीतच बसायचे, अंग पसरून, पाचोळ्याच्या रंगाचे, पाय पडेपर्यंत दिसायचे नाहीत. मग रस्ता डांबरी झाला. ते काम आम्ही पोरं दिवस दिवस उभे राहून बघायचो. उकळत्या डांबराच्या पिंपाचा तो वास मला अजून आवडतो, हे सांगायला हवं. रोडरोलर मागे-पुढे जायचा तेव्हा पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटायची, आणि रस्ता पूर्ण झाल्यावर त्याच्या काळ्याशार गुळगुळीतपणाचा आम्हाला केवढा अभिमान. त्याच रस्त्याने रात्री-अपरात्री दवाखान्यात वेळेवर पोचलेली माणसं माझ्या घरात आहेत. तेव्हा रस्ते नकोतच असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही, आणि जो म्हणतो त्याच्याकडे मी जरा संशयानेच बघतो. रातवे डांबरावरही बसायला लागले. दिव्याच्या उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे पेटलेले दिसायचे आणि ते अगदी चाकाशी येईतो उठायचे नाहीत. पुढे कधीतरी आवाज यायचा थांबला. नक्की कधी, ते मला सांगता येणार नाही. एखादा आवाज बंद झाल्याची रात्र कुणी लिहून ठेवत नाही.

सगळेच हार मानतात असंही नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पुलांखाली आणि मोऱ्यांत कड्यावरच्या पाकोळ्या मातीची घरटी बांधतात. चार्ल्स आणि मेरी ब्राउन हे पक्षी-अभ्यासक जोडपं तीस वर्षं त्याच रस्त्यांवरून फिरत मेलेल्या पाकोळ्या गोळा करत राहिलं. २०१३ साली त्यांनी निष्कर्ष मांडला तेव्हा दिसलं की वसाहती वाढत होत्या, पण रस्त्यावर मरणाऱ्या पाकोळ्या वर्षागणिक कमी होत गेल्या होत्या. मरणाऱ्यांचे पंख सरासरीहून लांब आणि जगणाऱ्यांचे आखूड. आखूड पंखाला झटकन वर उठता येतं, गाडीतून निसटता येतं. तीस वर्षांत मोटारीने पक्ष्याचा पंख कातरला म्हणायचा. हॉलंडमधल्या लायडन शहरात ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा पक्षी गोंगाटाच्या भागात वरच्या पट्टीत गातो, कारण खालचे सूर रहदारीत बुडतात. हे वाचून आपल्याला बरं वाटतं, निसर्ग मार्ग काढतोच वगैरे. पण पाकोळीला वर्षाला पिल्लं होतात, पिढ्या भराभर पालटतात. गव्याला, हत्तीला, अस्वलाला तेवढी पिढ्यांची चैन परवडत नाही. आणि झाडावरून खालीच न उतरणाऱ्याने काय आखूड करायचं?

शेकरूचं उदाहरण घ्या. ते फांदीवरून फांदीवर जातं, जमिनीवर क्वचितच येतं. दाट रानातून एकपदरी रस्ता जात असेल तर दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या असतात. खालून बस गेली काय नि ट्रक गेला काय, वर शेकरूची वाट शाबूत. रुंदीकरणात पहिल्यांदा जातात ती हीच कडेची मोठी झाडं. खालून बघणाऱ्या आपल्याला आभाळ मोकळं झालेलं दिसतं, रस्ता उजळ दिसतो, फोटो चांगला येतो. वरच्याला मात्र समोर पोकळी दिसते. तमिळनाडूत वालपराईच्या बाजूला सिंहपुच्छ माकडं अशीच चहाच्या मळ्यांत आणि रस्त्यांत अडकलेल्या रानाच्या तुकड्यावर राहतात. ती रस्त्यावर उतरायला लागली आणि गाड्यांखाली जायला लागली, तेव्हा तिथे काम करणाऱ्या संशोधकांनी आणि वनखात्याने दोन झाडांमधे झुलते पूल टांगले. माकडं ते वापरतात. काम अगदी साधं आहे. पण आधी कुणालातरी मान वर करून बघावं लागलं असणार.

रस्त्याचं काम चालू असतानाच निम्मं नुकसान होऊन गेलेलं असतं, याकडे आपलं लक्ष नसतं. डोंगर एका बाजूने कापायचा आणि निघालेली माती-दगड दुसऱ्या बाजूने दरीत लोटायचे. खाली ओढा असेल तर तो त्या राड्याखाली गुदमरतो. भरावासाठी मुरूम कुठून कुठून येतो, त्याबरोबर बिया येतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना घाणेरी आणि रानमोडी माजलेली असते. तिथून ती आत सरकते. आणि मोऱ्या. एका पावसात मी अशाच एका मोरीखाली आडोशाला उभा होतो. ओढ्याचं पाणी सिमेंटच्या पाइपातून पलीकडे काढलेलं. पाइप बसवताना तळ ओढ्याच्या पातळीला होता, पण पाण्याच्या धारेने पुढची माती खणून काढली होती आणि आता पाइपाचं तोंड डोहाच्या वर दोन वीत लटकत होतं. चढणीच्या माशांचे दिवस होते. खालच्या डोहात बोटाएवढे मासे जमले होते. एकेक मासा धारेत उडी घ्यायचा, काही पाइपाच्या ओठाला आपटायचे, एखादा आत पोचायचा, आणि आतल्या गुळगुळीत तळावरचं पातळ, वेगवान पाणी त्याला परत आणून टाकायचं. ओढ्यात असते तशी दगडाआड दम खायची जागा पाइपात नाही. वर चढून अंडी घालायची, एवढंच त्यांचं काम. मोरीवरून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीसरशी पाइप घुमत होता.

रस्त्यांमुळे जमिनीचे किती तुकडे झालेत याची मांडणी २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आली होती. सारी पृथ्वी मिळून सहा लाखांहून अधिक तुकडे. निम्म्याहून जास्त तुकडे १ चौरस किलोमीटरपेक्षाही लहान, आणि १०० चौरस किलोमीटरच्या वरचे फक्त ७ टक्के. अशा एका तुकड्यात 'पी-२२' नावाचा प्यूमा, म्हणजे अमेरिकेतलं एक मोठं रानमांजर, राहत होता, लॉस एंजेलिस शहराच्या ग्रिफिथ पार्कात. दोन अजस्र महामार्ग ओलांडून तो तिथे पोचला, २०१२च्या सुमारास दिसला आणि मग साधारण दहा वर्षं तिथेच राहिला. एकटा. मादी तिथवर येऊ शकली नाही, तो पुन्हा तसलं दिव्य करून परत गेला नाही. २०२२च्या डिसेंबरात गाडीची धडक बसून झालेल्या जखमा आणि इतर आजारांमुळे त्याला शेवटची सुई द्यावी लागली. लोकांनी त्याच्यावर फार जीव लावला होता. त्याच्याच भाईबंदांत, महामार्गांनी घेरलेल्या सांता मोनिका डोंगरांत, शेपटीचं टोक दुमडलेले प्यूमे दिसायला लागलेत, आपसांतच वीण होत राहिल्याची खूण. तिथे आता महामार्गावरून जनावरांसाठी पूल होतोय.

आपल्याकडचा टिपेश्वरचा तो तरुण वाघ, ज्याला पुढे 'वॉकर' नाव पडलं, तो २०१९मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि शेतं, ओढे, रस्ते तुडवत ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोचला. आपण त्या चालण्याचं कौतुक केलं, मीही केलं. त्याने ओलांडलेल्या रस्त्यांपैकी एखाद्यावर त्या रात्री एक ट्रक अर्धा मिनिट आधी आला असता तर कौतुकाच्या जागी पंचनामा झाला असता. आणि त्याच्यासारखेच निघून पहिल्याच महामार्गावरून परत फिरलेले किती, ते कोण सांगणार? त्यांच्या गळ्यात कॉलर नव्हती.

उपाय नाहीत असं नाही, आणि जे आहेत ते चालतात. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर, महाराष्ट्राच्या बाजूच्या सोळा किलोमीटरांत, कोर्टकचेऱ्यांत काही वर्षं गेल्यावर, जनावरांना खालून जायला नऊ जागा ठेवल्या गेल्या. सर्वांत अरुंद ५० मीटरची, सर्वांत रुंद ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तर २०१९च्या मार्च ते डिसेंबर या काळात १८ जातींच्या जनावरांच्या ५,४५० नोंदी मिळाल्या. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा खालून गेले. चितळ आणि रानडुकरं तर सर्रास. कॅनडातल्या बॅन्फमध्ये महामार्गावर असे ६ पूल आणि ३८ बोगदे आहेत, जोडीला कुंपण. तिथे गाड्या आणि जनावरांच्या टकरी ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. पण तिथली मला आवडलेली गोष्ट दुसरी आहे. करड्या अस्वलांनी ते पूल लगेच स्वीकारले नाहीत, सवय व्हायला काही वर्षं गेली. आणि आवडीनिवडी निघाल्या. करडी अस्वलं, लांडगे, हरणं यांना उघडा ऐसपैस पूल हवा. काळ्या अस्वलांना आणि प्यूमांना अरुंद, आडोशाचा बोगदा चालतो. म्हणजे एक नमुना काढून सगळीकडे छापून टाकला, असं इथे चालत नाही.

तरीही पुलांचे हे आकडे वाचताना माझा उत्साह फार वेळ टिकत नाही. रस्ता स्वतःपुरता राहिला तर पूल बांधून भागेल. तो तसा राहत नाही. ॲमेझॉनच्या रानाचा २०१४चा अभ्यास सांगतो की जवळजवळ ९५ टक्के जंगलतोड एकतर रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या आत किंवा नदीपासून एका किलोमीटरच्या आत झालेली आहे, आणि एका किलोमीटर अधिकृत रस्त्यामागे जवळजवळ तीन किलोमीटर अनधिकृत रस्ते फुटतात. आधी टपरी, मग गोदाम, मग प्लॉटिंगचे फलक, हा क्रम आपल्याला शिकवायला नको. भुयारी मार्गाच्या दोन्ही तोंडांना रान राहिलं तरच तो भुयारी मार्ग, नाहीतर ते नुसतं पुलाखालचं गाळे काढण्याजोगं क्षेत्रफळ. म्हणूनच मला कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातला उपाय जास्त प्रामाणिक वाटतो. २००९ साली तिथल्या महामार्गांवर रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद केली गेली, २०१० साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती कायम केली. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस सोडल्या तर रात्र रानाची. पलीकडच्या, केरळातल्या वायनाडच्या लोकांची त्यावरची तक्रार खोटी नाही. रात्रीची वाट बंद होण्याचा त्रास ज्याला होतो त्यालाच कळतो. पण निदान तिथे माणसाने स्वतःचं काहीतरी सोडलंय. बाकी सगळीकडे आपण आपलं सगळं ठेवून वर जनावराला खालून जायला सांगतो.

माझा एक मित्र रस्त्याच्या कामांवर इंजिनिअर आहे. त्याला मी भेकराची हकिगत सांगितली. हळहळ वगैरे त्याच्या स्वभावात नाही. त्याने विचारलं, "तू बसला होतास ती मोरी कसली होती? पाइपची की स्लॅबची?"

"पाइपची. का?"

"मग नसतंच गेलं. वाकून पलीकडचा उजेड दिसला नाही तर जनावर आत शिरत नाही म्हणतात. स्लॅबची, जरा उंच असती आणि आत एका बाजूला पाण्याच्या वर फूट-दीड फूट रुंद कोरडी कड ठेवलेली असती, तर तुझ्या खालून गेलं असतं. तुला कळलंही नसतं."

मी म्हटलं, मग ठेवत का नाही? त्यावर त्याने मला एस्टिमेट, टेंडर, आखणी यांचं लांबलचक पुराण ऐकवलं. त्यातलं मला समजलेलं असं: ड्रॉइंगमध्ये आधीपासून असेल तर एका मोरीची कड ही फार मोठी बाब नाही, कुणी तिच्यासाठी भांडणारही नाही. काम सुरू झाल्यावर मागितली की ती 'एक्स्ट्रा आयटम' होते, आणि एक्स्ट्रा आयटमची फाइल ज्या वाटेने जाते त्या वाटेवर कुठलंच जनावर टिकत नाही. रस्ता झाल्यावर मागितली तर विषयच संपला, कारण चालू रस्ता कुणी फोडू देत नाही. "पण खरी अडचण ती नाहीच," तो म्हणाला. "कुठल्या मोरीला ठेवू ते सांग. दहा किलोमीटरांत वीस-पंचवीस मोऱ्या असतात. सर्व्हे होतो तेव्हा रस्त्यावर मेलेलं मिळतं ते मोजतात, कॅमेऱ्यात आलेलं मोजतात. जुना रस्ता असेल तर त्याच्या धाकाने जे आधीच यायचं थांबलंय, ते कशात मोजू?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण ते कुणाकडे असेल याचा अंदाज होता. रानातली प्रत्येक पाणवठ्याची वाट, कुठल्या खिंडीतून सांबर उतरायचं आणि कधीपासून उतरेनासं झालं, हे त्या भागात गुरं चारणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तारीखवार नाही तरी ऋतूवार माहीत असतं. त्यांना आजवर भूसंपादनाच्या कागदावर अंगठा उठवण्यापलीकडे कुणी काही विचारलेलं नाही. मित्राला हे पटलं, किंवा त्याने पटल्यासारखं केलं. पुढच्या कामाची आखणी निघेल तेव्हा तुलाही नेतो, म्हणाला. मी म्हटलं, मला नेऊन काय करणार, मला तिथलं ओ की ठो कळत नाही. गुराख्याला ने. आणि जाताना फक्त नकाशा नेऊ नकोस, त्या माणसाचा दिवस मोडतोय म्हटल्यावर त्याची मजुरी आधी एस्टिमेटमध्ये धर.